शेल्टर तयार आहे

किल्ली माझ्याकडेच आहे, हे मी फोनवर लगेच कबूल केलं नाही.

फोन आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचा होता. ती माझीच विद्यार्थिनी. आठवीत बीजगणिताच्या तासाला रडायची, आता अख्खी शाळा चालवते. म्हणाली, "बाई, प्रयोगशाळेमागचं ते जुनं शेल्टर संस्थेने बुजवायचं ठरवलंय. स्कूलबस वळवायला जागा लागतेय. सोमवारी इंजिनिअर येणार आहेत. त्यांनी धोकादायक म्हणून लिहून दिलं की राडारोडा टाकून बंद करायचं. पण कुलूप उघडत नाहीये. तुम्ही इथल्याच विद्यार्थिनी, इथल्याच शिक्षिका. किल्ली कुठे असेल, काही कल्पना?"

"कुलूप तोडा की," मी म्हणाले.

"तोडणारच होतो. म्हटलं आधी तुम्हाला विचारावं."

"मला विचारून काय होणार? मी गणित शिकवत होते, कुलपं नाही," असं सुनावून मी फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन दारामागच्या खिळ्याकडे बघत उभी राहिले. किल्ली तिथेच होती, पितळी, बोटभर लांब, सुतळीत ओवलेली. तिच्याभोवती चहाची गाळणी आणि कात्री लटकत होती. रोज हात लागायचा आणि रोज मी तिच्याकडे काणाडोळा करायची.

दहा मिनिटांनी मी उलट फोन केला. "किल्ली आहे माझ्याकडे. सोमवारी घेऊन येते. मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

तिने "बरं बाई" म्हटलं. किल्ली माझ्याकडे कशी, हे तिने विचारलं नाही. शिक्षकांच्या तऱ्हेवाईकपणाची तिला आता सवय झाली असावी.

शाळा शनिवार पेठेत. शेल्टर दुसऱ्या महायुद्धातलं, बॉम्ब पडले तर मुलांना लपायला बांधलेलं. बॉम्ब काही पडले नाहीत, शेल्टर तेवढं राहिलं. वरून बघाल तर प्रयोगशाळेच्या मागे गवत उगवलेला एक लांबट उंचवटा, त्याच्या एका टोकाला लोखंडी दार, आणि पाठीवर दोन वाकड्या मानेचे पाइप, हवेसाठी. नवीन मुलांना ती पाण्याची टाकी वाटते.

माझे वडील या शाळेचे शिपाई होते. लोणी काळभोरच्याही पुढे, कॅनॉलच्या कडेला आमची वस्ती होती. तिथून ते तरुणपणी पुण्याला आले आणि शाळेत लागले. पंपाच्या खोलीला लागून एक खोली आम्हाला राहायला होती. त्यामुळे शाळेची घंटा झाल्यावर मी घरातून निघायची आणि तरीही सगळ्यांच्या आधी वर्गात पोचायची. वडिलांची वर्षातून एकच रजा, बुद्धपौर्णिमेची. बाकी दिवस शाळा त्यांच्या अंगावर असायची.

एकाहत्तरचं युद्ध सुरू झालं तेव्हा मी तिसरीत होते. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद चिकटवले, गाड्यांचे दिवे अर्धे काळे झाले. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी वडिलांना ऑफिसात बोलावलं आणि सगळ्या शिक्षकांसमोर सांगितलं, "पुढील हुकूम होईपर्यंत शेल्टर सदैव तयार ठेवायचं. जबाबदारी तुमची." वडिलांनी घरी येऊन ते वाक्य आईला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "जबाबदारी तुमची" हे म्हणताना त्यांची मान ताठ झाली होती, ते मला अजून दिसतं. त्यांना कुणी 'तुमची' म्हणालं होतं, हेही त्यात असावं.

दोनदा सराव झाला. घंटा घाईघाईने वाजली की रांगेने खाली उतरायचं. अकरा पायऱ्या, मग काटकोनात वळण, मग लांबट बोळ. दोन्ही बाजूंना दगडी बाक. भिंतीवर वडिलांनी गेरूने आकडे घातले होते, एक ते साठ. माझा सतरा. सोळावर डॉक्टरांची मुलगी, अठरावर एका वकिलांची. एरवी त्यांच्या डब्याशेजारी माझा डबा नसायचा. तिथे मात्र तिघींचे खांदे चिकटलेले, आणि डॉक्टरांच्या मुलीने अंधाराला घाबरून माझा हात गच्च धरलेला. मी घाबरले नाही. ती जागा कुणी झाडली आहे ते मला ठाऊक होतं.

पंधरवड्याच्या आत युद्ध संपलं. खिडक्यांचे कागद निघाले. मुख्याध्यापक त्याच वर्षी निवृत्त झाले, सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, आणि शेल्टरचा हुकूम मागे घ्यायचा मात्र राहून गेला.

दुसरा कुणी असता तर समजून गेला असता. आमचे वडील समजून जाणाऱ्यांतले नव्हते. हुकूम लेखी नव्हता, पण चारचौघांत दिला होता. आता तो काढून घ्यायचा तर तोही तसाच काढून घ्यायला हवा, असा त्यांचा हिशोब. नवीन मुख्याध्यापक आले की महिनाभर त्यांना रुळू द्यायचे आणि मग एक दिवस ऑफिसच्या दाराशी उभे राहून विचारायचे, "सर, शेल्टरचं काय करायचं?" प्रत्येक मुख्याध्यापक कागदांतून मान वर न करता म्हणायचे, "बघू." पुण्यात 'बघू' म्हणजे काय, हे सगळ्यांना समजतं. वडिलांच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच होता, की रद्द झालेलं नाही.

म्हणून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, सकाळची शाळा सुटली की, ते किल्ली घेऊन शेल्टरकडे जायचे. बाक पुसायचे. लाल बादल्यांतली वाळू उपसून उन्हात टाकायची आणि परत भरायची. माठातलं पाणी बदलायचं. पत्र्याच्या डब्यात मेणबत्त्या आणि काडेपेटी आहे ना, काड्या सादळल्या नाहीत ना, ते बघायचं. लिंबाच्या पाल्याची धुरी करायची. वर्षातून एकदा चुना. आणि सगळं झालं की वळणावरून बोळात शिरल्यावर डाव्या हाताला, भिंतीवर रंगवलेल्या हातभर काळ्या चौकोनात खडूने लिहायचं: शेल्टर तयार. खाली तारीख.

ते दोन शब्द त्यांना मी शिकवले होते. त्यांना सही तेवढी यायची. चौथीत असताना मी त्यांचा हात धरून पाटीवर गिरवून घेतलं, आणि 'र' नीट निघेना म्हणून त्यांच्या बोटांवर पट्टीही मारली होती. मला शिक्षिका व्हायचं होतं हे तेव्हाच ठरलेलं असावं.

एका पावसाळ्यात आत घोटाभर पाणी साचलं. वडिलांनी ते बादल्यांनी उपसून काढलं. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी उंचवट्याच्या तिन्ही बाजूंनी कमरेइतका चर खणला. शाळेच्या जुन्या इमारतीची कौलं उतरवून स्लॅब टाकला होता, त्या फुटक्या कौलांचा ढीग मागे पडून होता. मी घमेल्याने ते तुकडे वाहून आणायची आणि वडील ते चरात रचायचे, खाली मोठे, वर बारीक, वर खडी, मग माती. माझे तळहात सोलवटले. फटाके उडवायच्या दिवसांत बाकीच्या मुली घरी आणि मी कौलं वाहतेय. मी रडले, चिडले, "हे कशाला?" म्हणून शंभरदा विचारलं. ते म्हणाले, "पान्याला जायाला वाट दिली की पानी तरास देत न्हाई." मला ते उत्तर अजिबात पुरेसं वाटलं नाही.

आठवीत एका मुलीने सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, मामा अजून कुणाशी लढतायत?" शाळेत शिपायाला मामा म्हणायची पद्धत. सगळ्या खिदळल्या. मी घरी येऊन दप्तर आपटलं.

"बंद करा ते शेल्टर. लोक हसतात."

"हुकूम हाय," वडील म्हणाले.

"हुकूम देणारे सर कधीच गेले."

"सर गेलं. हुकूम कुठं गेलाय?"

मी पुढचे चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं, कारण मधे पहिला शनिवार आला होता.

पुढे मी बी.एससी., बी.एड. झाले आणि त्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागले. वडील अजून नोकरीत होते. शाळेतली खोली मात्र आम्ही सोडली होती आणि भाड्याच्या घरात राहायला गेलो होतो. चौदा वर्षं आम्ही दोघं एका शाळेत होतो. घरी ते मला "ए पोरी" म्हणायचे. शाळेत "बाई". नोटीसवही घेऊन माझ्या वर्गाच्या दाराशी यायचे, चपला बाहेर काढायचे, आणि म्हणायचे, "बाई, नोटीस हाय." मी वाचायची, सही करायची, वही परत द्यायची. नजर वर करायची नाही. मुलींना आमचं नातं त्यांनी कधी कळू दिलं नाही. मीही नाही. ते माझा मान राखत होते. मी काय राखत होते, ते आता सांगायला लाज वाटते.

एकदा शिक्षकांच्या खोलीत नव्या शिक्षकांपैकी कुणीतरी म्हणालं, "आपल्या शाळेकडे वाकड्या नजरेने बघायची कुणाची टाप आहे? आपले फील्ड मार्शल आहेत ना शेल्टर सांभाळायला." सगळे हसले. मीही हसले. मोठ्याने नाही, पण हसले. आणि वळून बघते तर वडील चहाची किटली घेऊन दारात. त्यांनी सगळ्यांना चहा दिला. माझा कप माझ्यापुढे ठेवला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "बाई, चहा." त्यांनी एक शब्द वावगा बोलायला हवा होता. घरी तरी. ते कधी बोलले नाहीत.

ते निवृत्त झाले तेव्हा हेडक्लार्कने त्यांच्याकडून चार्ज घेतला. घंटा, शिड्या, सगळ्या खोल्यांची कुलपं, टोल्याची हातोडी. शेल्टरची किल्ली वडिलांनी पुढे केली तर हेडक्लार्क म्हणाले, "यादीत नाही. यादीत नाही ते मी घेऊ शकत नाही." झालं. किल्ली आमच्याबरोबर सिंहगड रोडच्या नव्या घरी आली. वडील त्यानंतरही दर पहिल्या शनिवारी बसने स्वारगेटपर्यंत आणि तिथून पुढे चालत शाळेत जात. कुणी अडवलं नाही. जुना शिपाई, येतो बिचारा, एवढंच.

मग गुडघे गेले. जिना उतरणं बंद झालं. तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "तू तिथंच असतीस. महिन्यातनं एकदा बघत जा. चुना ऱ्हाऊ दे. नुसतं झाडून घे, आन् पाटीवर ल्ही."

मी हो म्हणाले.

मी गेले नाही. एकदाही नाही. वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगायची. पेपर, शिकवण्या, मुलाची दहावी. खरं कारण वेगळं होतं. हातात केरसुणी आणि बादली घेऊन मी त्या अकरा पायऱ्या उतरताना कुणीतरी बघेल, आणि मी पुन्हा शिपायाची मुलगी होईन, याची मला भीती वाटत होती. वीस वर्षं गणित शिकवून एवढीच माझी प्रगती.

पहिल्या शनिवारी मी घरी यायच्या वेळेला वडील गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले असायचे. मी चपला काढायच्या आत प्रश्न यायचा, "तयार हाय का?"

"हो. तयार आहे."

"पानी न्हाई ना शिरलं?"

"नाही."

पाच वर्षं. दर महिन्याला. ते मान हलवायचे आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवायचे. शेवटच्या आजारात हॉस्पिटलमध्येही त्यांनी विचारलं होतं, आणि तिथेही मी तेच उत्तर दिलं.

तर सोमवारी मी जी शाळेत गेले, ती हे सगळं पोटात घेऊन. पर्समध्ये किल्ली आणि शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली. फाटकाशी राडारोड्याने भरलेला ट्रक आधीच येऊन उभा होता. म्हणजे इंजिनिअरचं मत काय पडणार, ते संस्थेने गृहीत धरलेलं. मला राग आला. पण मनाच्या कोपऱ्यात दुसरंही चाललं होतं: आत गुडघाभर पाणी असेल, छत खाली आलं असेल, साप असतील. आणि ते सगळं माझ्यामुळे असेल. वडिलांनी अख्खी हयात जे जपलं ते मी नुसतं 'हो' म्हणून कुजवलं, हे आता चारचौघांत उघडं पडणार होतं.

मुख्याध्यापिका आणि इंजिनिअर लोखंडी दाराशी थांबले होते. इंजिनिअर पस्तिशीचा असेल, डोक्यावर पिवळं हेल्मेट. "मॅडम, तुम्ही बाहेरच थांबा," तो म्हणाला. "जुनं स्ट्रक्चर आहे, रिस्क नको. मी दोन मिनिटांत फोटो काढून येतो."

"किल्ली माझी आहे," मी म्हणाले. "आधी मी."

कुलपात तेल सोडलं. किल्ली एकदा अडली, दुसऱ्यांदा फिरली. दाराला तिघांनी मिळून खांदा लावला.

पहिल्या पायरीवर पाऊल ठेवताना मी वास घेतला. कुबट ओलीचा वास यायला हवा होता. आला चुन्याचा, कोरडा, दिवाळीच्या आधी घराला येतो तसा. मी मोबाइलचा दिवा लावून एकेक पायरी मोजत उतरले. अकरा. काटकोनात वळले. पायाखाली चुरचुर वाजलं म्हणून खाली बघितलं तर वाळलेली पानं, पाइपातून उडून आलेली. पाणी नव्हतं. पाण्याची खूणही नव्हती.

भिंती पांढऱ्या होत्या. जाळी होती, धूळ होती, एका कोपऱ्यात चुन्याचे पोपडे सुटले होते आणि त्यांच्याखाली पुन्हा चुनाच होता, एकावर एक थर. बाक जागच्या जागी. लाल बादल्यांची बुडं गंजली होती, वाळू आत तशीच. माठ रिकामा. पत्र्याच्या डब्यात मेणबत्त्या उन्हाळ्यांनी वाकल्या होत्या आणि त्यांच्यावर काडेपेटी. मी भिंतीवर सतरा शोधला. सापडला. तळहात टेकवला. कोरडी भिंत. मी हात काढलाच नाही.

मागे इंजिनिअरने कसलंसं यंत्र भिंतीला टेकवलं. आकडा बघितला. यंत्रावर फुंकर मारली, दुसरीकडे टेकवलं. मग तिसरीकडे. "हे शक्य नाही," तो स्वतःशी म्हणाला. "बाहेर वर्गांच्या भिंतींना ओल आहे, आणि जमिनीखालच्या भिंती ड्राय?" छताला टकटक केलं, कान लावला, तडा शोधत शेवटच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. चेहरा बदलला होता. "मॅडम, शेवटचं कधी मेंटेन झालं होतं हे?"

मी नुसता दिवा डाव्या हाताच्या भिंतीकडे वळवला. येताना मी तिकडे मुद्दाम बघितलं नव्हतं.

काळा चौकोन. शेल्टर तयार. 'र' अजूनही नीट निघालेला नव्हता. खाली अठरा वर्षांपूर्वीची तारीख. त्या दिवशी ते आमच्या घराचा जिना रिक्षावाल्याचा हात धरून चढून आले होते आणि त्यानंतर स्वतःच्या पायांनी कधी खाली उतरले नाहीत.

"अठरा वर्षं कोणी आलेलं नाही?" इंजिनिअर म्हणाला. "मग ड्रेनेज असणार. याशिवाय होऊच शकत नाही."

तो तरातरा वर गेला आणि उंचवट्याच्या कडेने कुदळीने उकरायला लागला. वीतभर माती, मग खडी, मग कौलाचा तुकडा. मग आणखी कौलं. तो उकिडवा बसला आणि एक तुकडा हातात घेऊन मला दाखवायला लागला, जणू मी तो कधी बघितलाच नव्हता. "बघा, खाली मोठे, वर बारीक. तिन्ही बाजूंनी असणार. पाणी भिंतीला लागायच्या आतच बाहेर जातं. प्रॉपर डिझाइन आहे हे. आम्हाला कॉलेजात शिकवतात. कोणी केलं? आर्मीचं काम का?"

"नाही."

"मला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल. देखभाल कोणामार्फत. एजन्सीचं नाव?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट. त्याने लिहून घेतलं.

"हुद्दा?"

"शिपाई."

त्याचं पेन थांबलं. मुख्याध्यापिका म्हणाली, "मामा? आपले घंटा द्यायचे ते मामा?"

"हो, तेच," मी म्हणाले. "ते माझे वडील."

मी मोठ्याने म्हणाले. शाळेचं मैदान, मधली सुट्टी, फाटकावर ट्रकचा ड्रायव्हर, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. मुख्याध्यापिका माझ्याकडे बघतच राहिली. दहावीपर्यंत ती माझ्या हाताखाली शिकली, नंतर माझ्याबरोबर नोकरी केली, आणि तिला हे माहीत नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं. "बाई," ती हळूच म्हणाली, "मामा तुम्हाला बाई म्हणायचे."

"मीही तुला चारचौघांत बाईच म्हणते ना," मी म्हणाले. "हे मी त्यांच्याकडूनच शिकले."

मग मी पुन्हा खाली गेले, एकटी. काळ्या चौकोनासमोर उभी राहिले आणि वडिलांना खरं काय ते सांगून टाकलं. मी आले नाही. एकदाही नाही. तुम्ही विचारत होतात आणि मी खोटं बोलत होते. हे सगळं बोलून झाल्यावर मग डोक्यात प्रकाश पडला. पाच वर्षं मी दर महिन्याला खोटं बोलले, आणि त्यातलं एकही खोटं ठरलं नाही. त्यांनी ते आधीच खरं करून ठेवलं होतं. शेल्टर तयारच होतं. मी रडले, आणि मला त्या रडण्याची लाज वाटली नाही. त्या दगडी बोळात उभी राहून मला एवढंच वाटत होतं, की वरच्या सगळ्या वर्गांना खाली आणावं आणि एकेकीला भिंतीवर हात ठेवायला लावावा.

रिपोर्ट आला. बांधकाम सुस्थितीत, धोकादायक नाही, बुजवू नये. ट्रक तसाच परत गेला. संस्थेच्या बैठकीत थोडी धुसफूस झाली म्हणे. बसेस आता पलीकडच्या गल्लीत थांबतात आणि मुलं तेवढं चालतात, त्यांना काही झालेलं नाही. मुख्याध्यापिकेने मला आणखी एक गोष्ट जरा ओशाळून सांगितली. मध्यंतरी सगळीकडे मॉक ड्रिल झालं तेव्हा शाळांकडून माहिती मागवली होती, संकटसमयी सुरक्षित जागा उपलब्ध आहे का. आमच्या शाळेने त्या रकान्यात 'निरंक' लिहून पाठवलं होतं.

"दुरुस्तीचं पत्र पाठव," मी म्हणाले. "आजच."

तिने पाठवलं. मी मसुदा तपासून दिला.

त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी केरसुणी, बादली आणि लिंबाचा पाला घेऊन शाळेत गेले. मधल्या सुट्टीतच गेले, मुद्दाम, सगळ्या मुली मैदानात असताना. वाळू उन्हात टाकली, नवा माठ भरून ठेवला. मुख्याध्यापिका धावत आली.

"बाई, तुम्ही कशाला? या वयात पायऱ्या उतरायच्या. मी माणूस लावते ना."

"पुढील हुकूम होईपर्यंत तयार ठेवायचं, असा हुकूम आहे," मी म्हणाले. "तो कुणी मागे घेतलाय का?"

तिने विचार केला. "नाही."

"तू घेणार आहेस?"

"नाही हो बाई."

"मग खडू दे इकडे," मी म्हणाले, आणि खाली उतरले.